आमची वाटचाल (सर्कस बंद पडलेली नाही, आम्ही आहोत अजून)

"अजून चालते का हो तुमची सर्कस?" लग्नात भेटलेला पाहुणा असो नाहीतर बँकेतला साहेब, पहिला प्रश्न हाच. चालते. दिवाळी झाली की परत लावणार, चार खांबी तंबू, ४२ फुटांचं रिंगण, आणि दोरावर आता आमच्यातली तिसरी पिढी. आमच्याबद्दल जो तो मनाला येईल ते सांगत असतो म्हणून म्हटलं एकदा आपणच लिहून काढू.

आम्ही सांगलीकडचे, म्हणजे सर्कशीचं माहेरच म्हणा. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमाराला ग्रेट इंडियन सर्कस काढली. त्याआधी कियारिनी नावाचा इटालियन मुंबईत खेळ करून गेला आणि तुम्हाला हे एवढ्यात जमायचं नाही असं काहीतरी बोलून गेला, ही गोष्ट आमच्या घरात पोराला चालायला यायच्या आधी ऐकवतात. मग म्हैसाळचे देवल, मग कार्लेकर, एकेक करत या पट्ट्यातून कितीतरी तंबू निघाले. छत्रे घोड्याचे उस्ताद आणि गाण्याचे वेडे, ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे शिकलेले, पुढे खाँसाहेबांच्या मुलाला, भूगंधर्व म्हणून गाजलेल्या रहिमत खाँना, सर्कशीबरोबर घेऊन हिंडायचे. आमची सर्कस उभी करणारे आबा हे सांगताना दरवेळी म्हणायचे, एकीकडे वाघ एकीकडे भूगंधर्व, तिकीट कशाचं फाडायचे देव जाणे.

आता सर्कस म्हटलं की लोक केरळ म्हणतात. म्हणू देत, त्यांनी मेहनत केली, आमच्याकडचे झुल्यावरचे मास्तर पण तलश्शेरीचेच होते. पण छत्र्यांची सर्कस तिकडे गेली, तिथे कसरत शिकवणाऱ्या कीलेरी कुंजिकण्णन गुरुजींशी गाठ पडली आणि मग गुरुजींनी सर्कशीसाठी माणसं घडवायला घेतली, चिरक्करला शाळा काढली १९०१ ला. गंगोत्री कुठे आहे तेवढं लक्षात ठेवा, बाकी काही म्हणणं नाही.

आबा दुसऱ्याच्या सर्कशीत खलाशी होते. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे, तंबू उभा करणारा. मेख ठोकायला चौघं गोल उभे राहणार, घण एकामागून एक पडणार, एकाचा हात चुकला की दुसऱ्याचं डोकं फुटणार. त्या कामातून पैसे साठवून त्यांनी दोन घोडे आणि एक जुना दोन खांबी तंबू घेतला. तंबू फाटका होता म्हणून मिळाला. तो शिवायला मिरजेहून एक शिंपी आले, ते आमचे शिंपीमामा. पहिल्या हंगामात त्यांना द्यायला पैसे नव्हते म्हणून आबा म्हणाले, चार आणे भागीदारी घे. मामांनी घेतली आणि मरेपर्यंत हिशोब काही बघितला नाही.

मामांची पेटी अजून माझ्याकडे आहे. तीन दाभणं, त्यातलं एक वाकडं, ते कडेच्या दोराची शिवण घालायला मुद्दाम वाकवलेलं. तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा, मधे पितळेची चकती, त्याच्यावर दाभण टेकवून जोर लावायचा, नाहीतर तीन पदरी कॅनव्हासमधून दाभण जातच नाही. मेणाचा गोळा, त्यात दोऱ्याने पाडलेल्या खाचा. मेण न लावलेला दोरा पाणी पितो आणि शिवणीतूनच तंबू गळायला लागतो. आता पीव्हीसीची ताडपत्री आलीय, मशीनवर गरम करून जोडतात, छान काम आहे, पण खेळ चालू असताना फाटली तर मशीन कुठून आणणार, तेव्हा दाभणच लागतं.

आता मूळ गोष्ट. ही मी बऱ्याच जणांना सांगितलीय आणि मरेपर्यंत सांगणार.

मी एकवीस वर्षांचा होतो. मे महिना, मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव, तेव्हा कारभार बघणारे अण्णा आजारी म्हणून कॅम्प माझ्यावर. मैदान काळ्या मातीचं. ज्यांना कळतं त्यांना एवढ्यावरच कळलं असेल. मुरमात मेख बसली की बसली. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी लागते आणि एक सर पडली की लोणी. पण मधल्या हंगामात दुसरं मैदान नव्हतं, कारण पलीकडच्या शहरातलं आमचं ठरलेलं मैदान एका मोठ्या सर्कशीने पंधरा दिवस आधी जास्त भाडं देऊन उचललं होतं. नाव घेत नाही. ज्यांचं आहे त्यांना माहीत आहे.

बरं एवढ्यावर थांबले असते तर धंदा आहे म्हटलं असतं. त्यांचा मॅनेजर आमच्या कॅम्पवर येऊन चहा पिऊन गेला. दोन दिवसांनी आमचे झुल्यावरचे पाच जण गेले, आणि त्याच संध्याकाळी सात खलाशी. एका वेळी सात! उरले किती तर पाच, त्यातला एक तापाने पडलेला.

त्या रात्री वळीव आला. दुसरा खेळ संपून पब्लिक नुकतंच बाहेर पडलेलं, हे देवाचे उपकार. त्या वेळी आमचे दोर सुताचे नि तागाचे. असा दोर भिजला की आखडतो, कॅनव्हास पण आखडतो, आणि दोन्ही मिळून मेख ओढायला लागतात, म्हणून पाऊस सुरू झाला की सगळ्यात आधी धावत जाऊन चहूबाजूचे दोर ढिले करायचे असतात, आणि थांबला की परत ताणायचे. शंभरावर मेखा. माणसं चार आणि मी. आम्ही उत्तरेची बाजू निम्मी ढिली केली तोवर दक्षिणेकडच्या मेखा एकेक करून सुटायला लागल्या, दातासारख्या. आवाज येत नाही हो त्याचा, चिखलातून नुसती सुळकन निघते. मग वारा आत शिरला, तंबू फुगला, आणि एक खांब आडवा झाला. जनरेटर बंद, अंधार, घोडे दावी तोडतायत, जोकरकाका तोंडावर अर्धा रंग तसाच ठेवून घोडे धरायला पळालेले.

सकाळी बघितलं तर कॅनव्हासचे तीन मोठे तुकडे आणि गॅलरीच्या फळ्या अर्ध्या गावात. माणूस एकही दगावला नाही. अण्णांना तार केली आणि दुसरी तार मिरजेला.

मामा एसटीने आले, पेटी मांडीवर घेऊन. वय सत्तरीच्या पुढे. गावातल्या शाळेला सुट्टी होती, हेडमास्तरांनी व्हरांडा उघडून दिला, तिथे एकोणीस दिवस मामा शिवत बसले, मी आणि जोकरकाका दोरा मेणवून देत होतो. त्यात कोणीतरी शेजारच्या शहरातून त्या मोठ्या सर्कशीचं पोस्टर आणून दाखवलं. त्यावर फोटो आमच्या जोकरकाकांचा! खाली भलत्याचं नाव. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, नाक बरं आलंय. मी मात्र ते पोस्टर घडी करून ठेवलं, अजून आहे.

त्यानंतर कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. मग पुढची पंधराएक वर्षं बरी गेली, सोलापूरची गड्डा यात्रा, माळेगावची यात्रा, खाली बेळगाव, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

लोक म्हणतात जनावरं गेली आणि सर्कस मेली. १९९८ ला केंद्राने वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांचे खेळ बंद केले, प्रकरण केरळ हायकोर्टात गेलं, २००१ ला सुप्रीम कोर्टानेही तेच ठेवलं. आमची दोन अस्वलं गेली तेव्हा घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही, पण खरं सांगू, अस्वलाचा पिंजरा मे महिन्यात ट्रकमध्ये किती तापतो ते मी हात लावून बघितलेलं आहे. मग २०११ ला लहान मुलांना सर्कशीत घ्यायचं नाही असा निकाल आला, तोही गेला पचनी. सर्कस मरते ती मैदानाने. ज्या मैदानावर आबांनी तंबू मारला तिथे आज कॉम्प्लेक्स आहे, दुसऱ्यावर पार्किंग, तिसरं नुसतं पडून आहे पण सभेलाच देतात. वर फुकट पास. परवाना देणारा, वीज बघणारा, पाणी सोडणारा, प्रत्येकाचं कुटुंब पुढच्या बॉक्समध्ये.

पुतण्या म्युनिकला नोकरीला आहे, त्याने तिथल्या क्रोन सर्कशीचे फोटो पाठवले. तीही घरचीच सर्कस, १९०५ पासूनची. पण त्यांची शहरात स्वतःची पक्की इमारत! १९१९ ला बांधलेली, युद्धात बॉम्बने गेली, १९६२ ला परत उभी केली. नाताळापासून मार्चअखेरपर्यंत आपल्या घरात खेळ आणि मग दौरा. एरवी हॉल भाड्याने, १९६६ ला बीटल्स तिथे वाजवून गेले. आणि २०२३ ला जर्मनीने सर्कस ही कला म्हणून आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आम्हाला पावसाळ्याचे चार महिने तंबू गुंडाळून कुठल्यातरी गोडाऊनचं भाडं भरत बसायचं. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही हे खरं, पण ताडपत्रीवर भरलेला तरी कुठे परत मिळतो.

नवीन कोणी या धंद्यात येत असेल (येऊ नका, पण येत असाल तर) मैदान बघायला जाताना खिशात नकाशा नको, हातात पहार घ्या. चार कोपऱ्यांत दोन-दोन फूट खणून बघा. मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली ठोका, सरळ ठोकणारा खलाशी घरी पाठवा. आणि कोणाचाही मॅनेजर कॅम्पवर चहाला आला तर चहा तुम्ही पाजा पण खलाशांच्या राहुट्यांकडे फिरकू देऊ नका. सूनबाई म्हणते हे कशाला लिहिता, कोण सर्कस काढतंय आता. असेल.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही एका गावात अडकलो, गावानेच धान्य दिलं, ते वेगळं लिहीन कधीतरी. त्यातून बऱ्याच जणांनी तंबू कायमचा उतरवला, त्यात ती मोठी सर्कस पण. त्यांचं सामान विकायला निघालंय असं कळलं. मी स्वतः गेलो. त्यांचा मुलगा होता, मऊ बोलला, चहा पाजला. चार लोखंडी खांब घेतले, घासाघीस केली नाही. खांबांवर त्यांचं नाव लाल रंगात, जाड अक्षरात. पोरांना ते खरवडायला दोन दिवस लागले आणि दोन्ही दिवस मी खुर्ची टाकून तिथेच बसलो होतो. चौथ्या खांबावरचं शेवटचं अक्षर मात्र राहू द्या म्हटलं.