सत्तर पायऱ्या आणि दोन दारे

जर्मनीतल्या नाउम्बुर्गहून एरफुर्टला आगगाडीने तासाभरात पोहोचता येते. मला पायी चार दिवस लागले. ग्योर्लित्सपासून फाखापर्यंत जाणारी ही सुमारे ४७० किलोमीटरची यात्रावाट २००३ साली नव्याने आखली गेली असली, तरी तिच्याखालचा ‘व्हिया रेजिया’ हा राजमार्ग मध्ययुगीन व्यापाऱ्यांचा आणि यात्रेकरूंचा आहे. येथे दिंडी नाही, टाळ-मृदंग नाही, मुक्कामाला राहुट्या नाहीत. निळ्या पाटीवरचा पिवळा शिंपला दिसला की आपण वाटेवर आहोत, एवढीच सोबत. दोन वेळा आषाढीला आळंदीहून पंढरपूरला चाललेल्या माझ्यासारख्याला ही शांतता सुरुवातीला अंगावर आली. जूनचा शेवट असल्यामुळे रस्त्याकडेच्या झाडांना चेरी लगडल्या होत्या. एकार्ट्सबेर्गा मागे पडल्यानंतर कधीतरी डाव्या हाताला एटर्सबर्गचा लांबट डोंगर दिसू लागला. त्याच डोंगरावर नाझींची बुखेनवाल्डची छळछावणी होती, हे ठाऊक असल्यामुळे त्या हिरव्या रानाकडे नुसते रान म्हणून पाहता येईना.

एरफुर्टच्या जुन्या गावात पूर्वेकडून शिरताना पहिली वेस लागते ती एका चर्चच्या पोटातून. एगिडियन चर्चच्या खालच्या कमानीतून माणूस थेट क्रेमरब्र्युके या पुलावर येतो. या दगडी पुलाच्या दोन्ही बाजूंना घरे इतकी खेटून उभी आहेत की खालून गेरा नदी वाहते आहे, याचा पत्ताही लागत नाही. या शहराची श्रीमंती आली ती वाइड नावाच्या रोपापासून काढलेल्या निळ्या रंगातून. पुढे समुद्रमार्गाने हिंदुस्थानची नीळ युरोपात येऊ लागली आणि हा धंदा बसला. आपल्याकडच्या नीळ पिकवणाऱ्या रयतेलाही त्या व्यापारातून फारसे सुख लाभले नाही, ही गोष्ट वेगळी.

मग डोमप्लात्स, म्हणजे कॅथेड्रलसमोरचा चौक, येतो आणि चालणारा आपोआप थांबतो. समोर टेकडीवर दोन मोठी चर्च शेजारी शेजारी उभी आहेत, डावीकडे मरियेचे कॅथेड्रल आणि उजवीकडे तीन निमुळत्या शिखरांचे सेवेरी चर्च. दोघांच्या मधून सत्तर पायऱ्यांचा रुंद जिना वर जातो. चौक एवढा मोकळा आहे की तो मुळापासून असाच असावा असे वाटते, पण तसे नाही. १८१३ मध्ये शहर फ्रेंचांच्या ताब्यात असताना प्रशियाच्या तोफांनी येथील घरे जाळली आणि त्या राखेवर हे मैदान मोठे झाले. टेकडीचा माथाही कॅथेड्रलच्या लांब गर्भागाराला पुरत नव्हता, म्हणून चौदाव्या शतकातील गवंड्यांनी उतारावर खालून प्रचंड कमानी उभारून जमीनच वाढवून घेतली. जिना चढताना त्या कमानी डाव्या हाताला दिसत राहतात. चार दिवसांच्या चालीनंतर मी त्या सत्तर पायऱ्यांवर तीन वेळा बसलो, हे कबूल केले पाहिजे.

वर पोहोचल्यावर जे दिसते त्याला तेथील लोक ‘ट्रियांगल’ म्हणतात. १३३० च्या सुमारास कॅथेड्रलच्या उत्तर अंगाला त्रिकोणी तळाचा एक द्वारमंडप जोडण्यात आला. त्रिकोणाची एक बाजू भिंतीला टेकलेली आहे आणि उरलेल्या दोन बाजूंना दोन दारे आहेत. जिना चढून येणाऱ्याला प्रथम भेटते ते ईशान्येचे दार, आणि तेथे येशूचे प्रेषित उभे आहेत. ते गंभीर, नीटस आणि मला थोडे कंटाळवाणे वाटले.

वळसा घालून वायव्येच्या दाराशी गेलो आणि तेथे मात्र तास कसा गेला ते कळले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखला तेथे दगडात कोरला आहे. वराची वाट पाहणाऱ्या दहा जणींपैकी पाच जणींनी दिव्यासाठी जादा तेल आणले होते आणि पाच जणींनी नव्हते. त्या तेल आणायला गेल्या तेवढ्यात वर आला आणि दार लागले. शहाण्या पाच जणी एका बाजूला हसत उभ्या आहेत. समोरच्या पाच जणींचे चेहरे पिळवटलेले आहेत. शिल्पकाराचा जीव कोणत्या बाजूला रमला असेल, याविषयी मला शंका नाही. आनंद त्याने नीट कोरला आहे. पण हळहळ मात्र त्याने जवळून पाहिलेली असावी.

या मेळ्यात आणखी दोन स्त्रिया आहेत. शहाण्यांच्या बाजूला ख्रिस्ती धर्मसभेचे रूप असलेली एक्लेसिया, आणि मूर्ख कुमारींच्या बाजूला यहुदी धर्माचे रूप असलेली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली सिनागोगा. ही मूर्ती घडून वीस वर्षेही झाली नसतील तोच, मार्च १३४९ मध्ये, या शहरातील यहुद्यांची कत्तल झाली. त्यांचे जुने प्रार्थनागृह येथून पायी काही मिनिटांवर आहे. कत्तलीनंतर त्याचे कोठार झाले, पुढे त्यात नाचघरही भरले, आणि आज तेथे संग्रहालय आहे. २०२३ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. त्या दुपारी मी तेथे जाऊन आलो आणि संध्याकाळी पुन्हा सिनागोगेसमोर उभा राहिलो, तेव्हा ती पट्टी सकाळच्यासारखी दिसेना.

पंढरपूरला महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. ज्याला आत घेतले नाही, त्याच्या पायाशी डोके टेकवूनच वारकरी आत जातो, आणि १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा कुठे ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. एरफुर्टच्या दाराशी उभा असताना मला वारंवार तीच पायरी आठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी गोथाचा टप्पा लांबचा होता, म्हणून पहाटेच पाठपिशवी घेऊन पुन्हा पायऱ्या चढलो. कॅथेड्रल उघडायला अजून बराच वेळ होता. बंद दारापाशी, तेल संपलेल्या त्या पाच जणींच्या बाजूला, भिंतीला टेकून मी बुटाच्या नाड्या घट्ट केल्या आणि खाली उतरलो.