लिंकनची दाढी आणि गव्हाची लोंबी

फिलाडेल्फियात बँकेच्या खिडकीवर २५ डॉलर दिले की पेन्यांचं, म्हणजे लिंकनचा चेहरा असलेल्या एक सेंटच्या नाण्यांचं, एक खोकं मिळायचं. आत ५० रोल, एकेका रोलमध्ये ५० नाणी. अडीच हजार पेन्या टेबलावर ओतल्या की बायको आपला चहा उचलून दुसऱ्या खोलीत जाते. इथे हा रीतसर छंद आहे. एका बँकेतून रोल आणायचे, चाळायचे आणि उरलेली चिल्लर दुसऱ्या बँकेत भरायची. त्याच बँकेत परत नेलीत तर कॅशियरबाई आपल्याकडे कशा बघतात ते विचारू नका.

बहुतेकांना हवं असतं दुर्मीळ साल. १९०९ ची सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची पेनी, जिच्यामागे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरं आहेत, ती जेमतेम ४ लाख ८४ हजार निघाली. अशी पेनी बँकेच्या रोलमध्ये सापडणं म्हणजे लॉटरीच, आणि लॉटरीवर माझा विश्वास नाही. मला नाद आहे तो ठशाचा. साल साधं चालेल, पण नाणं कसं कोरून काढल्यासारखं उमटलेलं हवं.

नवं नाणं आणि चांगला ठसा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन साच्यांमध्ये तांब्याची चकती दाबली जाते आणि धातू साच्याच्या खोलगट भागात शिरतो. साचा झिजलेला असेल किंवा दाब कमी पडला, तर धातू शेवटपर्यंत पोचत नाही आणि कोरं करकरीत नाणंही पुसट निघतं. १९२० च्या दशकातल्या डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पेन्या याबाबतीत बदनाम आहेत. तिथे साचे पार जीव जाईपर्यंत वापरले जात. १९२२ साली पेन्या फक्त डेन्व्हरला पाडल्या गेल्या, तर काहींवरचा टांकसाळीचा 'डी' साच्यातच बुजून गेला. गंमत अशी की हीच 'डी' नसलेली पेनी आज शेकडो डॉलरला जाते. सदोष मालाला एवढा भाव मिळालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

१९५८ पर्यंतच्या पेनीच्या पाठीवर गव्हाच्या दोन लोंब्या आहेत. दिव्याचा उजेड तिरका घ्यायचा आणि भिंगातून त्यांच्या रेषा बघायच्या. त्या खालपासून वरपर्यंत तुटक न होता सुट्या दिसल्या पाहिजेत. मग नाणं उलटून लिंकनची दाढी आणि गळ्याचा बो बघायचा. गालफड सपाट दिसलं तर ते झिजलंय की मुळातच उमटलं नाही, हे ओळखायला नाणं हळूच कलतं करा. झिजलेला भाग मंद तपकिरी राहतो. न उमटलेल्या भागावरून मात्र टांकसाळीची मूळ झळाळी सरकत जाते. एवढं एकदा डोळ्याला कळलं की पुढचं काम भराभर होतं.

ऑनलाइन लिलावात 'कुणीही न उघडलेले जुने रोल' विकायला असतात. टोकाला एखादं दुर्मीळ नाणं मुद्दाम डोकावत असतं. अहो, ज्याने ते टोकाला लावलं त्याने आतली बघितली नसतील? त्यापेक्षा १९५५ च्या सॅन फ्रान्सिस्को पेनीचा अख्खा रोल नाण्यांच्या दुकानदाराकडून घ्यावा. तिथली टांकसाळ नाणी पाडणं थांबवणार हे कळल्यावर लोकांनी त्या वर्षीच्या पेन्यांचे रोलच्या रोल साठवले, म्हणून ते अजून परवडतात. मी घेतलेल्या रोलमध्ये साल एक, टांकसाळ एक, तरी नाण्यानाण्यात फरक होता. ताज्या साच्याच्या चार-पाच पेन्यांवर दाढीचा केस न् केस मोजावा. बाकीच्यांची जणू घाईघाईत हजामत झालेली.

टांकसाळीच्या खुणा बघायची सवय मात्र डोंबिवलीची. मुंबईच्या नाण्यावर सालाखाली पत्त्यांतली चौकट, हैदराबादला तारा, कोलकात्याला काहीच नाही. इथे 'काहीच नाही'चा मान फिलाडेल्फियाचा. पेनीवर 'पी' आला तो फक्त २०१७ मध्ये.

आता तीही बंद झाली. एक सेंटची पेनी पाडायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येत होता. शेवटी १२ नोव्हेंबर २०२५ ला याच शहरात चलनातली अखेरची पेनी पाडली. तेव्हापासून दुकानांत सुट्ट्यांची ओढाताण आहे आणि खोक्यासाठी बँकेत आर्जवं करावी लागतात. जुन्या पेन्यांत ९५ टक्के तांबं असलं तरी वितळवायला २००६ पासून बंदी आहे. देशाबाहेर नेण्यावरही मर्यादा आहे, पण पाच डॉलरपर्यंत खिशातून नेता येतात.

तेवढ्यात पुतण्याचं काम होईल. येत्या दिवाळीला त्याच्यासाठी गव्हाच्या लोंबीवाल्या निवडक पेन्या आणतोय. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत, म्हणून वहिनींना आत्ताच फोन करून सांगितलंय, देवाच्या भांड्यांबरोबर त्या पितांबरीने घासायला घेऊ नका.