अडुळशाची पानं आणि धुण्याचं पाणी

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी जूनमध्ये माझं सगळं काम अडलं. अडुळशाच्या पानांच्या काढ्यात झिंक नायट्रेट घालून मी झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, करत होते. ते कण आणि उजेड वापरून रंगाईच्या सांडपाण्यातला रंग काढायचा, हा विषय. पंचगंगेकाठी वाढलेय, इचलकरंजी तासाभरावर. मला दुसरा विषय सुचलाच नव्हता. मे महिन्यात कण 20 नॅनोमीटरच्या आसपास आले. कृती तीच, भट्टीचं तापमान तेच, आणि जूनच्या बॅचचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी कणांचा आकार काढायची चाचणी) केला तर आकार जवळपास दुप्पट.

महिनाभर मी पीएच मीटर तपासला, रसायनाची बाटली बदलली. शेवटी उत्तर घरात सापडलं. बांधावरची पानं आईच तोडून द्यायची. ती म्हणाली, "पावसातली पानं नुसती पाण्यानं भरलेली असत्यात गं, काढा पण पातळ हुतोय." कण वाढू न देण्याचं, एकमेकांना चिकटू न देण्याचं काम पानातली पॉलीफेनॉलं ही रसायनं करतात, आणि ऋतू, पानाचं वय, जमीन यांनुसार त्यांचं प्रमाण बदलतं. पुढच्या एप्रिलमध्ये एकदमच वर्षाची पानं तोडली, सावलीत वाळवली, दळून हवाबंद डब्यात ठेवली. शिवाय प्रत्येक काढ्यातलं एकूण फेनॉल मोजूनच बॅच लावायला लागले. नव्याने नोंदणी करणाऱ्यांना मी हेच आधी सांगते. वनस्पतीवर काम असेल तर पहिल्या दिवसापासून तोडणीची तारीख वहीत लिहा.

चाचणीसाठी घेतलेल्या मिथिलीन ब्लूचा निळा रंग कण टाकून यूव्ही (अतिनील) दिव्याखाली तासाभरात गेला तेव्हा फार आनंद झाला होता. सरांनी विचारलं, "कण न टाकता नुसता दिवा लावून बघितलंस का?" बघितलं नव्हतं. बघितल्यावर कळलं, थोडा रंग दिवाच घालवतो, थोडा कणांना नुसता चिकटतो. म्हणून आधी 30 मिनिटं अंधारात ढवळायचं, मग दिवा. पुढे रंगाईचं खरं सांडपाणी आणलं. त्यात मीठ आणि सोडा भरपूर. उजेडात कणांवर तयार होणारे, रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल मिठातलं क्लोराइड आणि सोड्यातलं कार्बोनेटच खाऊन टाकतात. रंग हलेचना. तो निकाल मी लपवला नाही, प्रबंधात त्याचं स्वतंत्र प्रकरण केलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कण धुण्याचं पाणी. पानं वापरली की आपण कामाला 'हरित' म्हणून मोकळे होतो. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर म्हणजे 1 किलो उत्पादनामागे किती किलो कचरा निघाला, हा हिशेब. तो मांडायला बसले तर पाणी त्यात सहसा धरतच नाहीत. मी ते वेगळं मोजलं. 1 ग्रॅम पावडर धुवायला मला 3 लिटर डिस्टिल्ड पाणी लागत होतं, आणि ते तयार करताना थंड करायला वाहून गेलेलं नळाचं पाणी निराळंच. ज्या नदीसाठी काम घेतलं, तिच्याच खोऱ्यातलं पाणी ते. मग दुसऱ्या धुण्याचं पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरायला सुरुवात केली.

व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "धुण्याचं पाणी गेलं कुठे?" मी वही उघडली. सगळं पाणी कॅनमध्ये साठवलं होतं. पीएच 9 च्या वर नेऊन त्यातलं निसटलेलं झिंक साक्यासारखं खाली बसवलं, नायट्रिक आम्लात विरघळवलं, आणि त्यातूनच पुन्हा कण केले. ती बॅच शेवटच्या प्रकरणात आहे.