व्यायाम कुठे मोडतो, ते पाहून साहित्य घ्यावे

व्यायाम सुरू करायचे ठरले की आपल्या सोलापुरात बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: नवे बूट घेतात किंवा एखाद्या जिमची वर्षाची फी एकरकमी भरून टाकतात. दोन्हींत गैर काहीच नाही. मात्र शाळेतील सहकारी, शेजारी आणि नातेवाईक यांच्याकडे इतकी वर्षे पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. व्यायाम सुटतो तो उत्साह संपल्यामुळे क्वचितच; तो सुटतो एखाद्या ठरावीक, रोजच्या आणि अगदी साध्या अडचणीपाशी, आणि ती अडचण प्रत्येक घरात वेगळी असते. ती आधी ओळखावी आणि तिच्यावर उतारा ठरेल तेवढेच साहित्य घ्यावे, असे मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते.

आपल्याकडची सर्वांत ठळक अडचण म्हणजे पाण्याचा दिवस. नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी ते येते त्या दिवशी घरातील निदान एका माणसाला, बहुधा बाईलाच, मोटार लावणे, टाकी भरणे, पिण्याचे पाणी गाळून ठेवणे आणि साठलेले धुणे उरकणे यांतून मान वर काढता येत नाही. सकाळी सहाला कंबर तलावावर फिरायला जाण्याचा नेम केलेल्या बाईचा नेम पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या दिवशी मोडतो, मग ‘आता सोमवारपासून’ असे ठरते, आणि तो सोमवार पुढे पुढे जात राहतो. इथे प्रेरणेची भाषणे ऐकून काही उपयोग होत नाही. पाण्याच्या दिवसाचा व्यायाम आधीपासूनच वेगळा ठरलेला असावा लागतो: संध्याकाळचा, घरातल्या घरात होणारा, पंधरा मिनिटांत संपणारा, आणि त्याला लागणारी वस्तू हाताशी असलेला. आमच्या घरी त्यासाठीचा रबरी बँड, म्हणजे हातांनी ताणून व्यायाम करायचा लांब रबरी पट्टा, आतल्या खोलीत दारामागच्या खुंटीवर टांगलेला असतो. तो कपाटात ठेवला असता तर कपाट उघडण्याचा कंटाळा हीच एक नवी अडचण झाली असती.

एखादा दिवस चुकला म्हणजे सगळे संपले, ही समजूत मात्र मनातून काढून टाकली पाहिजे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी नवी कृती अंगवळणी पडायला माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मधला आकडा साधारण ६६ दिवसांचा येतो, असे त्यातून दिसले. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा लागते. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला या अभ्यासात आधार सापडत नाही. आणि माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही, की मधला एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही. ज्या शहरात पाण्याचा दिवस आहे, त्या शहरातील माणसाने हे जरूर लक्षात ठेवावे.

दुसरी अडचण उन्हाळा. मार्चच्या मध्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत चालण्याच्या व्यायामावर आपल्याकडे मोठी मर्यादा येते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, सकाळी साडेसातलाच ऊन चटके देऊ लागते आणि संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही डांबर आणि भिंती तापलेल्याच राहतात. त्यामुळे ज्यांचा व्यायाम म्हणजे फक्त चालणे, त्यांचा नेम वर्षातील निदान तीन महिने डळमळीत होतो. घरात पंख्याखाली करायच्या व्यायामाची तयारी फेब्रुवारीतच करून ठेवावी. मे महिन्यात सुरुवात करण्याचे बळ कोणाच्या अंगात नसते.

सातत्य कशातून येते, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते, आणि तो उंच, जड ध्वज कमरेशी पेलून गर्दीतून तोल सांभाळत नेणारी माणसे यात्रेच्या किती तरी आधीपासून सराव करत असतात. दिवसभर आपापली नोकरी किंवा धंदा करून ती रात्री सरावाला जमतात. त्यांना कोणी स्फूर्ती देत बसत नाही. त्यांच्यापुढे एक न टळणारी तारीख असते, शेजारी उभा राहणारा आणि आपण गेलो नाही तर विचारणा करणारा जोडीदार असतो, आणि करायचे काम नेमके ठाऊक असते. तारीख, जोडीदार आणि नेमके काम या तीन गोष्टी ज्याने आपल्या व्यायामात आणल्या, त्याला प्रेरणा शोधत हिंडावे लागत नाही, असे मला मनापासून वाटते. आपल्या जुन्या तालमींतही हेच होते: ठरलेली वेळ, वस्तादाचा डोळा आणि दंड-बैठकांचा ठरलेला आकडा. घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्याला या गोष्टी मुद्दाम उभ्या कराव्या लागतात, म्हणून निदान आठवड्यातून दोन दिवस तरी कोणाबरोबर चालायला जावे.

आता साहित्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम करावा, आणि त्याखेरीज आठवड्यातून निदान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकद लावावी लागेल असे व्यायाम करावेत. मध्यम म्हणजे किती, तर चालताना शेजारच्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतके. आपल्याकडे यातला पहिला अर्धा भागच सगळ्यांना माहीत आहे. रोज तासभर पार्क मैदानावर चालणारी, तरीही भरलेली बादली उचलताना कंबर धरणारी कितीतरी माणसे मी पाहते. चालण्याने दम वाढतो. हात, पाठ आणि मांड्यांची ताकद त्याने पुरेशी वाढत नाही.

शिवाय व्यायाम निवडताना आपण दिवसभर शरीराला कसे वापरतो हेही पाहावे लागते, आणि या बाबतीत सगळ्यांना एकच सल्ला देणे मला पटत नाही. पूर्व भागात यंत्रमागावर दिवसभर उभा असलेला कामगार पायांनी आधीच थकलेला असतो. त्याला आणखी पाच किलोमीटर चाल म्हणण्यापेक्षा पोटऱ्या आणि मांड्यांचे ताण आणि पाठीची ताकद वाढवणारे व्यायाम जास्त हिताचे. मांडी घालून, मान खाली घालून तासन्‌तास विड्या वळणाऱ्या बाईला खांदे मागे ओढण्याचा आणि छाती उघडण्याचा व्यायाम हवा, आणि त्यासाठी एक रबरी बँड पुरतो. माझ्यासारख्या शिक्षिकेचा दिवस फळ्यापाशी उभे राहण्यात आणि वह्या तपासत वाकून बसण्यात जातो, त्यामुळे मलाही तोच बँड सर्वाधिक उपयोगी पडला आहे.

बँड घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे तो ओढायला किती जड आहे. ज्या ताणाने एखादी हालचाल आठ ते बारा वेळा नीट होते आणि शेवटच्या दोन वेळा कष्ट पडतात, तो ताण आपला. दुसरी गोष्ट आपल्या हवामानाची आहे. हे बँड बहुधा रबराच्या चिकापासून केलेले असतात आणि ऊन व उष्णता यांनी ते लवकर खराब होतात. गच्चीवर किंवा खिडकीत ठेवलेला बँड एका उन्हाळ्यात चिरा पडून निकामी होऊ शकतो, आणि ताणलेल्या अवस्थेत तुटला तर तोंडावर बसतो. म्हणून तो सावलीत ठेवावा, घाम पुसून ठेवावा, आणि दर वेळी वापरण्यापूर्वी दोन्ही हातांनी थोडा ताणून उजेडात त्यावर बारीक चिरा दिसतात का ते पाहावे. दारात अडकवून ओढायचा असेल तर दार आपल्या विरुद्ध बाजूला उघडणारे असावे, म्हणजे ओढल्यावर ते चौकटीत आणखी घट्ट बसते.

वजनांसाठी सुरुवातीला एक पैसाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन प्रत्येक घरात असतो. त्यात दोन लिटर पाणी भरून सुरुवात करावी आणि जमेल तसे वाढवत न्यावे. त्याला मूठ असते, झाकण घट्ट बसते, आणि किती वजन उचलले हे डोळ्यांना दिसते. तो अपुरा पडू लागला की मग लोखंडी डंबेल घ्यावेत. खेळाच्या साहित्याच्या दुकानांत लोखंडी वजने किलोवर मिळतात, तेव्हा मोकळा दांडा आणि बदलता येणाऱ्या चकत्या घेणे किफायतशीर पडते. फरशीची काळजी असेल तर रबराचे आवरण असलेले षटकोनी डंबेल बरे, कारण ते घरंगळत नाहीत.

अंथरायला काय घ्यावे हाही प्रश्न विचारला जातो. सोलापुरी चादर जाडजूड असते आणि घरात दोन-चार असतातच, त्यामुळे पाठीवर निजून करायच्या व्यायामांना ती दुहेरी घडी करून उत्तम चालते. सूर्यनमस्काराला मात्र ती वापरू नये. गुळगुळीत फरशीवर ती हाताखालून सरकते आणि मनगटाला झटका बसतो. तिथे रबरी पकड असलेली मॅटच हवी. आपल्याकडचा टेरी टॉवेल मात्र खरोखर व्यायामाचे साहित्य आहे. पाठीवर निजावे, टॉवेल तळपायाला अडकवून दोन्ही टोके हातात धरावीत, गुडघा शक्य तितका सरळ ठेवून पाय सावकाश वर ओढावा, आणि मांडीच्या मागे ताण जाणवला की अर्धा मिनिट तिथेच थांबावे. यंत्रमागावरच्या माणसाने झोपण्यापूर्वी एवढे केले तरी सकाळी कंबर हलकी वाटते.

बुटांवर मात्र पैसे खर्च करावेत. ते संध्याकाळी घ्यायला जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात; व्यायामात घालायचे तेच मोजे घालून दोन्ही पायांत बूट चढवून उभे राहावे, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आहे ना ते पाहावे. मधुमेह असलेल्यांनी तर याबाबत अजिबात तडजोड करू नये, कारण पायाची संवेदना कमी झालेली असेल तर बूट चावल्याचे कळतच नाही आणि साधा फोड चिघळतो.

ट्रेडमिल बहुतेक घरांना गरजेची नाही, असे मी म्हणेन. ती जागा अडवते, तिच्या मागे माणूस पडला तर भिंतीत अडकू नये इतकी मोकळी जागा सोडावी लागते, आपल्याकडच्या धुळीत पट्टा वरचेवर पुसावा लागतो, आणि वीज गेली की ती बंद. तरीही घ्यायचीच असेल तर मोटारीची क्षणिक कमाल शक्ती न पाहता ती सतत किती शक्तीने चालू शकते तो आकडा विचारावा, कारण जाहिरातीत बहुधा पहिलाच मोठा आकडा छापलेला असतो. गुडघे दुखणाऱ्यांना, आणि उन्हाळ्यात बाहेर पडता न येणाऱ्यांना, जागेवरची सायकल अधिक सोयीची पडते. तिची सीट बहुतेक जण फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलला दोष देतात. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील, इतकी सीट उंच असावी.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी सर्वांत चांगले साहित्य म्हणजे हात नसलेली, न हलणारी लाकडी खुर्ची. माझ्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. खुर्ची भिंतीला टेकवून मी त्यांना म्हटले, “आई, हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं.” त्या म्हणाल्या, “अगं, खुर्चीवरून उठायचं, यात कसला आलाय व्यायाम?” पाचव्या वेळी त्यांच्या मांड्या थरथरू लागल्या, आणि त्या स्वतःच “थांब जरा” म्हणाल्या. पुढे स्वयंपाकघरातील ओट्याला बोटे टेकवून एका पायावर उभे राहण्याचाही सराव त्यांनी सुरू केला. आता भाजी फोडणीला टाकली की त्यांची पावले आपोआप ओट्याच्या कडेला जातात. पासष्टीच्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे त्याच मार्गदर्शनात सांगितले आहे, आणि त्याचा मुख्य हेतू पडणे टाळणे हा आहे. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर यातले काहीही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मोठे यंत्र घ्यावेसे वाटलेच तर ते वापरलेले पाहावे. पुष्कळ घरांतून सायकली फारशा न वापरता पडून असतात आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. पाहायला जाताना आपले व्यायामाचे बूट घालून जावे आणि निदान दहा मिनिटे ती चालवून पाहावी. पायडलचा दांडा हाताने बाजूला हलवून त्यात ढिलेपणा आहे का ते तपासावे, ताण वाढवणारी चकती फिरवून प्रत्येक टप्प्यावर फरक जाणवतो का ते बघावे, आणि सीटची खीळ सर्वांत वरच्या भोकात घालून ती आपल्या वजनाने खाली सरकत नाही ना, याची खात्री करून मगच पैसे द्यावेत.