आमची वाटचाल : जुन्या ट्रकांचे चार्जिंग

एक व्हाइस, एक बॅटरी, दोन टेस्ट लॅम्प आणि एक ग्राउलर (आर्मेचर तपासण्याचे विद्युतचुंबकीय उपकरण) एवढ्या साहित्यावर आमचे वर्कशॉप सुरू झाले. काम मुख्यतः जुन्या ट्रकांच्या डायनॅमोचे, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे. त्यांपैकी ग्राउलर आम्हा दोघा भागीदारांच्या सामाईक पैशांतून घेतलेला होता, हे येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. आर्मेचर, म्हणजे डायनॅमोचा तारेची वेटोळी असलेला फिरता भाग, त्यावर ठेवून हॅकसॉचे पाते वर धरावे आणि आर्मेचर हळूहळू फिरवावे. ज्या खाचेतील वेटोळे आतून शॉर्ट झालेले असते, तेथे पाते थरथरू लागते. पाते थरथरले की माझ्या भागीदारांचा चेहरा खुलत असे, कारण मग काम मोठे होई. मला मात्र कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काचपेपरने साफ करून, पट्ट्यांमधील अभ्रक पाऊण मिलिमीटर खाली कोरून आणि त्यावर टेकणारे नवे कार्बन ब्रश बसवून तोच आर्मेचर पुन्हा चालू झाला, की समाधान वाटे. (एमरी पेपर कधीही वापरू नये; त्याचे कण तांब्यात रुतून बसतात आणि ब्रश खातात.) आमचे पटेनासे होण्याचे मूळ बहुधा तेथेच असावे.

मधली वर्षे नियमित कामाची गेली. त्यानंतर भागीदारांनी वेगळे दुकान थाटले, डायनॅमो काढून त्या जागी अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे नव्या पद्धतीचे यंत्र, बसवून देण्याचे काम सुरू केले आणि जाताना ग्राउलर सोबत नेला. अल्टरनेटरशी माझे वैर नाही. इंजिन मंद चालत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि अल्टरनेटर देतो, हे मी कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगतो. मात्र बावीस अँपिअरच्या डायनॅमोसाठी टाकलेल्या जुन्या वायरिंगवर आणि डॅशबोर्डवरील जुन्या अँमीटरवर साठ अँपिअरचा अल्टरनेटर लादायचा आणि मुख्य वायर तीच ठेवायची, याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे एक जुना बारा व्होल्टचा ट्रक आला, आणि त्याने आमचे वर्कशॉप जवळजवळ बंद पाडले. मालकांनी तो हौसेने नव्याने रंगवून घेतला होता. तक्रार अशी, की लांबच्या फेरीनंतर बॅटरी उकळून पाणी संपते. आम्ही इंजिनचा वेग वाढवून मोजले. बॅटरीवर चौदा व्होल्ट आणि थोडे, म्हणजे जेवढे हवे तेवढेच. तरीही मी रेग्युलेटर, म्हणजे डायनॅमोचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, बदलला. पंधरवड्यात ट्रक परत आला, या वेळी डायनॅमो जळून. आम्ही त्याची वेटोळी नव्याने भरून दिली, दुसरा रेग्युलेटर बसवला, नवी बॅटरी घातली. तिसऱ्यांदा ट्रक ओढून आणावा लागला. मोजमाप बरोबर येत असताना सुटे भाग बदलत राहणे ही माझी चूक होती, आणि ती मी आजही कबूल करतो. परंतु माझ्या माजी भागीदारांनी त्या ट्रकची गोष्ट ज्या चवीने सर्वत्र सांगितली, ती मी विसरलेलो नाही. डायनॅमोचे दिवस संपले आणि त्याबरोबर आमचेही संपले, असे ते म्हणत. नियमित येणारी गिऱ्हाइके एकेक करून तिकडे वळली. हाताखालचे दोघेही कामावर येईनासे झाले.

मालक मात्र वळले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या दारात उभा असताना हा बरोबर चालतो आणि रस्त्यावर बिघडतो, तर मग तुम्ही रस्त्यावर चला." इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मल्टिमीटरला लांब वायर जोडून आम्ही तो केबिनमध्ये घेतला. ते चालवत होते, मी काटा पाहत होतो. सपाट रस्त्यावर चौदा, खडबडीत भाग आला की काटा सतरापर्यंत चढे. गाडी थांबवून मी मीटरची एक वायर रेग्युलेटरच्या पत्र्यावर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थ टोकावर (गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या टोकावर) लावली व पुन्हा निघालो. तेथे शून्याच्या आसपास दिसायला हवे होते. प्रत्येक हादऱ्याला काटा उडत होता.

रेग्युलेटरचा अर्थ, म्हणजे सांगाड्याशी असलेली विजेची जोडणी, ज्या बोल्टवर होता, त्याच्याखाली नव्या रंगाचा जाड थर होता आणि बोल्ट किंचित सैल होता. उभ्या गाडीत बोल्टच्या आट्यांमधून अर्थ मिळे. हादरे बसू लागले की तो तुटे. अर्थ तुटला की रेग्युलेटरच्या व्होल्टेज कॉइलमधील प्रवाह थांबतो, त्याचे संपर्क मिटलेलेच (जोडलेलेच) राहतात, फील्डला (डायनॅमोत चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्यांना) पूर्ण प्रवाह मिळतो आणि डायनॅमोला लगाम उरत नाही. मग कटआउट (डायनॅमो बॅटरीला आपोआप जोडणारा आणि तोडणारा स्विच) का सुटत नव्हता, असे जाणकार विचारतील. एकदा मिटलेल्या कटआउटला चार्जिंगचा प्रवाहच आपल्या जाड कॉइलने धरून ठेवतो, म्हणून. मी रंग खरवडून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला आणि रेग्युलेटरच्या पत्र्यापासून थेट डायनॅमोच्या अंगापर्यंत स्वतंत्र अर्थ वायर टाकली. त्यानंतर त्या ट्रकची बॅटरी उकळली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे काम ठरलेल्या क्रमाने होते. प्रथम डायनॅमो फिरवणारा पट्टा, मग सगळ्या अर्थ जोडण्या, मग डायनॅमो. ज्या डायनॅमोत फील्डचे एक टोक आतच अर्थ केलेले असते, त्याच्या दोन्ही वायर काढून डी (आउटपुटचे) आणि एफ (फील्डचे) ही टोके वायरच्या एका तुकड्याने जोडावीत, मीटर त्या जोडापासून अंगापर्यंत लावावा आणि इंजिनचा वेग हळूहळू वाढवावा. व्होल्टेज झपाट्याने वर गेले तर डायनॅमो चांगला आहे व दोष पुढे आहे; वीसच्या वर मात्र जाऊ देऊ नये. चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची जी सवय अनेकांना आहे, ती त्यांनी आजच सोडावी, विशेषतः अल्टरनेटर असेल तर; त्यातील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळून जातात.

गेलेल्यांपैकी बरीच गिऱ्हाइके परत आली, काही जण जळलेली वायर घेऊन. ते मालक अजूनही वर्षातून एकदा ट्रक आणतात आणि मी बोल्ट तपासत असताना शेजारी उभे राहतात. माझे माजी भागीदार आजही सांगतात, की तो दोष मला योगायोगाने सापडला. नवा ग्राउलर मी पुढच्याच वर्षी घेतला. जुना त्यांनी अद्याप परत केलेला नाही.