जांभळ्याचा वाद

कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, त्याचा पोशाख जांभळा का, यावरून आमच्यात गेली बावीस वर्षं भांडण चालू आहे. रविवारी सकाळी साडेसातला, सोलापूरच्या नवी पेठेतली दुकानं उघडायच्या आत, एका टपरीच्या बाकड्यावर. टपरीवाल्याला आता सगळ्यांच्या बाजू पाठ आहेत. आमच्यातला एखादा आला नाही तर तो स्वतःच त्याचं म्हणणं मांडून टाकतो.

भांडणाचं मूळ अण्णा. अण्णा शहराच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि आमच्याशी सोलापुरी. उभा जन्म सूत रंगवण्यात गेला. त्यांच्या नखांच्या कडांना कधी हिरवी रेघ असते, कधी राणी. त्यावरून सध्या कारखान्यात कुठल्या रंगाच्या चादरी चालल्यात ते आम्ही ओळखतो. लहानपणी त्यांनी इंद्रजाल कॉमिक्स भाड्यानं आणून वाचली आणि तेव्हापासून एकच गोष्ट त्यांच्या घशात अडकली आहे. "जंगलात राहणारा माणूस जांभळा घालंल का बे? हिरव्यात उठून दिसतो. आणि उन्हात चार महिन्यांत उडून जातो."

यातली गंमत बघा. १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून एक जण वाचतो, कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, मग बापामागून मुलगा असे एकवीस वेताळ होतात, आणि चारशे वर्षं जंगलातल्या कुणालाही माणूस बदललेला कळत नाही. हे अण्णांना मान्य. त्याच्या ठोशानं गुंडाच्या गालावर कवटी उमटते आणि जन्मभर जात नाही, हेही मान्य. (त्या शाईबद्दल त्यांना उलट आदरच आहे.) पण कापड उडत नाही म्हटलं की अण्णा बाकड्यावरून उठतात. हत्ती गेला, शेपूट राहिलं, ते हे असं.

उत्तर सरांकडे असतं. सर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं, ली फॉकनं १९३६ मध्ये वेताळ आणला तो रोजच्या वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीत. त्याच्या मनातला रंग करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि तिच्यात गडी जांभळा होऊन बाहेर आला. मग फॉकनं कथेतच सारवासारव केली, की हा जंगलातल्या बोरासारख्या फळांचा रंग आहे. स्वीडनमध्ये वेताळ निळा आहे, इटलीत लाल.

"म्हणजे ज्याच्या गोदामात जो डबा शिल्लक होता तो त्यानं लावला," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "फळांचा रंग? तुरटी लावली का? तुरटीशिवाय फळाचा रंग धरत नाही. जंगलात तुरटी कुठली आणली यानं?"

त्या दिवशी अर्धा अर्धा करत माणशी चार चहा झाले.

माझं स्वतःचं शेपूट वेगळं. मी बँकेत कारकुनी केली. वेताळ राहतो त्या कवटीच्या गुहेत खजिन्याच्या खोल्या आहेत म्हटल्यावर आधी माझ्या डोक्यात आलं ते रजिस्टर. पण वेताळ घराण्यात प्रत्येकानं आपल्या कारकिर्दीची हकिकत लिहून ठेवायची रीत आहे, वह्यांच्या रांगाच्या रांगा. तिथं माझं समाधान झालं. ज्याच्या नोंदी चोख त्याच्याबद्दल माझी तक्रार नसते, मग तो अंगाला चिकटलेल्या कपड्यांवर पट्टेरी चड्डी का घालेना.

इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. आमच्या पिढीला जगाचा नकाशा त्यानंच शिकवला, तोही चुकीचा. वेताळाचा मुलूख मुळात बंगाला. आपल्याकडे बंगालशी घोटाळा नको म्हणून डेंकाली केला. मी सहावीत आफ्रिकेच्या नकाशात डेंकाली शोधत बसलो होतो. सापडेना म्हणून ॲटलास जुना आहे असं वर्गात सांगितलं आणि निम्म्या वर्गाला ते पटलं.

सरांना कॉमिक्समधलं काहीही चालतं. चाचा चौधरीचा साबू गुरू ग्रहावरून आलाय, तिथं उभं राहायला जमीनच नाही, तरी चालतं. "ते चित्र आहे हो," म्हणतात. मात्र सिनेमात यान फुटल्याचा धडाका ऐकू आला की सर गेले. पोकळीत हवा नाही, आवाज जाणार कशातून? १९६८ मध्ये '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमात कुब्रिकनं अंतराळ गप्प ठेवलं होतं, नऊ वर्षांनी स्टार वॉर्सनं पुन्हा गोंगाट आणला, हे ते अशा सुरात सांगतात की जणू घरचं कुणीतरी वाया गेलं. त्यातच स्टार वॉर्समधला तो यान चालवणारा हान सोलो आपलं यान किती वेगवान ते सांगताना म्हणतो, अमुक वाट आपण बारा पार्सेकच्या आत कापली. पार्सेक हे अंतराचं माप. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं. "किती वेळ लागला विचारलं तर किलोमीटर सांगतोय!" सर कपावर चमचा आपटतात.

"त्यात काय," अण्णा म्हणाले. "तुळजापूर किती लांब विचारलं की आपण तासभर म्हणतोच की. त्यानं उलटं केलं."

सरांना यावर अजून उत्तर सुचलेलं नाही. मला ते अण्णांचं सर्वोत्तम वाक्य वाटतं.

एकदा इंटरस्टेलर आम्ही माझ्या घरी टीव्हीवर पाहिला. सर तयारीनं आले होते. किप थॉर्नसारखा भौतिकशास्त्रज्ञ पाठीशी असल्यामुळे कृष्णविवर कसं हिशोबानं काढलंय, हे ते सिनेमा थांबवून थांबवून सांगत होते. तो पाण्याचा ग्रह आला. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. सगळीकडे क्षितिजापर्यंत गुडघाभर पाणी. बायको कैऱ्या चिरत मागं बसली होती. तिनं तासाचं आणि वर्षांचं काही ऐकलं नाही. "अगं बाई, एवढं पाणी!" म्हणाली, "आणि एक कळशी न भरता निघाले?" आमच्याकडे तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. मी आजही तो प्रसंग बघतो तेव्हा मागून येणारी ती डोंगराएवढी लाट दिसत नाही, न भरलेली कळशी दिसते.

सुपरमॅनला ताकद पिवळ्या सूर्यापासून मिळते म्हणतात. तो एकदा मे महिन्यात दुपारी सात रस्त्याला यावा अशी माझी फार इच्छा आहे.

आमच्यात चौथी म्हणजे माझी भाची. पुण्याला असते, सुट्टीत येते. तिच्यासमोर कॉमिक्स म्हणायची सोय नाही. "मामा, ग्राफिक नॉव्हेल." फरक काय विचारलं तर मी म्हटलं, किंमत. ती रागावली. पुढच्या वेळी आली ती आर्ट स्पीगेलमनचं माउस घेऊनच. ज्यू उंदीर, नाझी मांजरं, आणि छळछावणीतून वाचलेल्या बापाची मुलानं काढलेली हकिकत. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. तिनं ते मुद्दाम अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी उघडून पाहिलं, उंदीर-मांजर दिसलं, आणि नातवाला होईल म्हणून पिशवीत टाकलं.

दोन रविवार अण्णा पुस्तकाबद्दल बोलले नाहीत. इंग्रजी त्यांचं जेमतेम. चित्रांवरूनच गेले असणार. तिसऱ्या रविवारी त्यांनी ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळून परत आणलं. भाचीनं विचारलं, "कसं वाटलं, अण्णा?"

"रंग लावला नाही," ते म्हणाले. "ते बरं केलं."

एवढंच. सरसुद्धा काही बोलले नाहीत. टपरीवाल्यानं न सांगता चहा ठेवला.

मग परवा मी एक मूर्खपणा केला. माळ्यावरच्या पेटीत इंद्रजालचा एक जुना अंक निघाला. मराठी, मुखपृष्ठ शाबूत, पिना गंजलेल्या. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाकड्यावर नेला. सरांनी चष्मा काढून पानं पाहिली. रंग चौकटीबाहेर सरकलेत, एका ठिकाणी वेताळाचा निम्मा चेहरा मागच्या झाडावर गेलाय. भाचीनं वास घेतला. अण्णांनी अंक घेतला, वेताळाचं मोठं चित्र असलेलं पान काढलं, आणि मी काही म्हणायच्या आत अंगठ्याला थुंकी लावून त्याच्या दंडावर खसाखसा घासला.

"अहो अण्णा!"

"थांब बे. पक्का का कच्चा ते बघू दे."

त्यांनी अंगठा वर धरला. आम्ही चौघांनी वाकून पाहिलं, पाचवा टपरीवाला. त्या आठवड्यात कारखान्यात जांभळ्या काठाच्या चादरी चालल्या होत्या. अंगठा नखापासून पेरापर्यंत जांभळा होता, आणि त्यातला वेताळाचा कुठला ते कुणालाच सांगता येईना.