जुन्या एस्टीमचे ब्रेक
कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, २.१ किलोमीटरच्या त्या छोट्या ट्रॅकवर, माझ्या जुन्या मारुती एस्टीम गाडीचे ब्रेक पेडल चौथ्या फेरीत स्पंजासारखे आत गेले, तेव्हापासून इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार मी बाजूला ठेवला. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, पण ओलावा मुरल्यावर ते १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते आणि मग पेडल दाबल्यावर वाफेचे बुडबुडेच तेवढे आकसतात, ब्रेक नीट लागत नाही. म्हापशाच्या दमट हवेत पावसाळा काढलेल्या गाडीचे ऑइल मी म्हणूनच ट्रॅकवर नेण्याआधी न चुकता बदलतो. परवा मेस्त्रींनी ब्लीडर, म्हणजे जुने ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, सैल केला, तेव्हा नळीतून कोऱ्या चहासारखे काळपट ऑइल आले. स्वच्छ पिवळसर धार दिसेपर्यंत मी पेडल दाबत राहिलो. खालच्या पत्र्याचा गंज अजून खरवडायचा आहे.